नऊ नंबरचा खांब

धाकटीचा फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला, त्या दिवशी मी ऑफिसात सकाळपासून कोणाशी धड बोलले नाही. फोटोत ती नव्या स्टेडियमच्या नमुन्यामागे उभी होती आणि नमुन्याचं पांढरं छत बरोबर तिच्या हनुवटीखाली आलं होतं. मथळा होता, 'एकही खांब नाही'. मुलाखतीतलं पहिलंच वाक्य, "लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी सामने पाहायचे, तेव्हाच मनात ठरवलं होतं..." पुढचं मी वाचलं नाही. खोटं कशाला सांगू, चार वेळा वाचलं.

माझ्या कामाचा उल्लेख एका ठिकाणी होता. 'प्रेक्षकांसाठी अठ्ठावन्न रांगा आहेत.' आहेत म्हणे. पाऊस पडला आणि उगवल्या.

त्या अठ्ठावन्न रांगा मी काढल्या. आम्ही दोघी बहिणी एकाच वास्तुकाराच्या ऑफिसात, मी सतरा वर्षांपासून आणि ती सहा. तिची वशिल्याची चिठ्ठीसुद्धा मीच साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. साहेबांनी स्टेडियमचं काम घेतलं तेव्हा पायऱ्या माझ्याकडे दिल्या आणि छत तिच्याकडे. वाटणी करताना ते म्हणाले, "ताईंचं काम चोख असतं, आणि धाकट्या बाईंना कल्पना सुचतात." ऑफिसातल्या चौदा माणसांसमोर म्हणाले. चोख हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात गेलेला आहे.

स्टेडियम म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं, म्हणजे विचारत कोणी नाही, तर मी सांगेन की स्टेडियम म्हणजे एक रेघ. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानाच्या अलीकडच्या सीमारेषेपर्यंत काढलेली. ती रेघ पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांच्या नऊ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे. सहा ठेवली तर मागचा दोन तास मान वाकडी करून बसतो. बारा ठेवली तर रांगा इतक्या चढतात की उतरताना पोटात गोळा येतो. शिवाय रांग जितकी मागे तितकी तिची पायरी उंच लागते, म्हणून अठ्ठावन्न रांगांना अठ्ठावन्न उंच्या. काँक्रीटचे साचे करणारा माणूस माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "बाई, दहा-दहा रांगांना एकच उंची धरा की. कोणाला कळणार आहे?"

"मागे बसणाऱ्याला," मी म्हटलं.

तीन महिने मी त्याच्याशी भांडले. शेवटी त्याने हात टेकले आणि माझं नाव फूटपट्टी पाडलं. ते ऑफिसभर झालं. धाकटीला मात्र छत्री म्हणतात, आणि तेही लाडाने.

आता माझ्या रांगा इतक्या बिनचूक का, हेही सांगून टाकते. त्या जागेवर पूर्वी जुनं स्टेडियम होतं. नव्याचा पाया खणला तेव्हा त्याचा सगळा इतिहास थराथराने बाहेर आला. अगदी खाली गिरणीच्या बॉयलरची राख. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी मैदानाच्या कडेला राखेचा उंचवटा केला आणि त्यावर उभं राहून सामने बघायला लागले. त्यावर जळक्या लाकडाचा पातळ थर, कारण पहिला लाकडी मांडव एका विडीने गेला. त्याच्यावर काँक्रीटच्या पायऱ्या, बसायच्या नाहीत, उभं राहायच्या. मध्येमध्ये लोखंडी कठडे, आणि वर पत्र्याचं छप्पर, बावीस लोखंडी खांबांवर. पुढे चेंगराचेंगरी फार व्हायला लागली, म्हणून उभं राहणं बंद झालं आणि त्याच पायऱ्यांवर प्लास्टिकच्या खुर्च्या ठोकल्या. उभं राहायच्या पायऱ्यांवर खुर्ची म्हणजे पुढच्याच्या पाठीत आपला गुडघा. ते सगळं पाडून आम्ही हे नवं उभं करत होतो.

खुर्च्या यायच्या आधी बाबा आम्हाला तिथे घेऊन जायचे. बाबा बस चालवायचे, रविवारी त्यांना सुट्टी. आईला रविवारी काम. त्यामुळे सामना बघायचा तर दोन मुली गळ्यात. मी सहा वर्षांची, ती तीनची. तीनेक वर्षं हे चाललं, आणि दर रविवारी तेच. नऊ नंबरच्या खांबापाशी बाबा थांबायचे, धाकटीला उचलून खांद्यावर घ्यायचे आणि मला खांबाला पाठ लावून उभी करायचे. वर ती ओरडायची, टाळ्या वाजवायची, "बाबा, गोल" म्हणून किंचाळायची. माझ्या वाट्याला बाबांच्या कोटाची तिसरी गुंडी. ती बरोबर माझ्या कपाळाला टेकायची. कोटाला डिझेलचा वास यायचा. मान वळवली की परक्या माणसांच्या पाठी. खांबाचा हिरवा रंग मी नखाने खरवडायची आणि हात पोहोचेल तिथपर्यंतचे खिळे मोजायची. एकेचाळीस होते.

तीन वर्षांत मी एकही गोल पाहिला नाही. लोकांच्या पाठी हलल्या की गोल झाला एवढं मला कळायचं.

म्हणून नऊ सेंटिमीटर. आणि म्हणून 'वडिलांच्या खांद्यावर बसून' हे छापील वाक्य वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कहर म्हणजे जुनं स्टेडियम पाडताना तिने कंत्राटदाराला गोड बोलून नऊ नंबरच्या खांबाची पत्र्याची पाटी मिळवली आणि आपल्या टेबलामागे टांगली. येणारा-जाणारा विचारायचा आणि ती बालपण सांगायची. त्या खांबाला हिचा हातसुद्धा लागला नव्हता.

तर, चिठ्ठी.

आमच्या ऑफिसात एकाचं काम दुसऱ्याने तपासायची पद्धत आहे. चूक सापडली की हरकतीची पिवळी चिठ्ठी फाडायची. वर अनुक्रमांक, मग काय सापडलं, कोणाला सापडलं आणि सापडल्याची तारीख. खाली एक चौकट असते, चिठ्ठी मिळाल्याची. तिथे ज्याचं काम त्याने तारीख घालून सही करायची. साहेब सगळं माफ करतात, पण चिठ्ठीशी खेळ केलेला माफ करत नाहीत. खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही.

धाकटीच्या छताचे सुधारलेले नकाशे माझ्याकडे तपासायला आले. छत खरोखर सुंदर होतं, हे मी लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा म्हणावं लागणार नाही. बाहेर एक पोलादी कडं, आत एक कडं, मध्ये ताणलेल्या तारा, सायकलच्या चाकासारखं. आतली कडा एवढी बारीक की खालून बघताना आकाशात पेन्सिलची रेघ मारल्यासारखी दिसावी. वाऱ्याच्या चाचणीनंतर तिने ती कडा सत्तर सेंटिमीटर खाली घेतली होती. पाऊस साठला की तारा अजून चाळीस झोल खाणार. आणि कडेखाली दिवे-भोंग्यांपाशी ये-जा करायला एक अरुंद पूल टांगलेला होता, तो अडीच मीटर खाली. मी शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यावर पट्टी ठेवली आणि वरच्या बाजूने रेघ ओढली.

रेघ पुलात घुसली.

शेवटच्या पाच रांगा, पावणेचार हजार खुर्च्या. तिथून समोरच्या मोठ्या पडद्याचा वरचा अर्धा भाग दिसणार नव्हता, आणि गोलरक्षकाने उंच मारलेला चेंडू दोन सेकंद गायब होणार होता. माझ्या रांगांमधून. नऊ सेंटिमीटरसाठी मी तीन महिने भांडले होते, आणि हिने वरून झाकण घातलं होतं.

मी चिठ्ठी लिहिली. क्रमांक एकशे बारा, तारीख तीन. हाताला सवय, तारीख आपोआप पडते. चिठ्ठी फाडली, उठले, तिच्या टेबलापर्यंत गेले. ती फोनवर होती. दुसऱ्या कुठल्या तरी वर्तमानपत्राला सांगत होती, "हो, हो, खांद्यावर. अजून आठवतं."

मी परत आले आणि चिठ्ठी खणात ठेवली.

उद्या देऊ असं म्हणाले असेन, आठवत नाही. उद्या साहेबांनी सगळ्यांना छताचा नमुना पाहायला बोलावलं. परवा पाहुणे आले. मग माझ्या लक्षात आलं की आपण देत नाही आहोत. पोलाद कापायला एकोणतीस तारखेला सुरुवात होणार होती. एकदा कापलं की बदल नाही. मग उद्घाटनाच्या दिवशी पावणेचार हजार माणसं माना वाकवून एकमेकांना विचारतील, चेंडू कुठे गेला? आणि छत्रीचं नाव निघेल. मी रोज सकाळी खण उघडायचे, चिठ्ठी आहे ना बघायचे आणि बंद करायचे. जेवण चांगलं जात होतं. झोपही लागत होती. हेही लिहून ठेवते, कारण अशा गोष्टींत माणसाला झोप लागत नाही असं सगळे सांगतात.

सव्वीस तारखेला पायऱ्यांची परीक्षा होती. शहराबाहेरच्या एका गोदामात आम्ही शेवटच्या तीन रांगा प्लायवुडच्या उभ्या केल्या होत्या, खऱ्या मापाच्या, खुर्च्यांसकट. पुढच्या दोन रांगांत पुठ्ठ्याची माणसं. समोरच्या भिंतीवर, सीमारेषेच्या कोनात, एक लाल दिवा. वेगवेगळ्या उंचीची माणसं बसवून विचारायचं, दिवा दिसतो का? ऑफिसातल्या प्रत्येकाने घरचं कोणीतरी आणलं होतं. आम्ही बाबांना आणलं.

बाबांचं वय आता एक्क्याऐंशी. एक डोळा अधू, दुसऱ्याला जाड भिंग, लांबचं जवळजवळ दिसतच नाही. गोदामातला दिवा जवळ होता, तो चालला असता. मी हाताला धरून त्यांना तिसऱ्या रांगेत नेलं. ते बसले, खुर्चीचे हात चाचपले, पुढच्या पुठ्ठ्याच्या डोक्याकडे बघितलं आणि हसायला लागले.

"दिसतो का दिवा?" मी विचारलं.

"दिसतो की. सगळं दिसतंय. सवय नाही मला."

"कसली?"

"मॅचला जाऊन काही दिसण्याची." त्यांनी खिशातून रुमाल काढून भिंग पुसलं. "खांबाच्या मागे काय दिसणार? समोर हा एवढा खांब. तीन वर्षं मी बॉल पाहिला नाही."

मी हातातली नोंदवही बंद केली. "मग दर वेळी तिथेच का उभे राहायचात?"

"तुझ्यासाठी." ते असं म्हणाले की जणू हे मला ठाऊकच असणार. "पहिल्याच दिवशी गर्दीचा लोंढा आला आणि तू कठड्यावर दाबली गेलीस. ओठ निळे पडले होते तुझे. आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं.

"बरंय आठवत नाही ते. मग एक जुना माणूस मला म्हणाला, पोरीला खांबाला टेकव. गर्दी इकडून आली काय नि तिकडून आली काय, खांब हलत नाही. म्हणून तुला टेकवायचो आणि तुझ्या दोन्ही बाजूंनी हात घालून खांब धरायचो. असा." त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि रिकाम्या हवेला कवेत घेतलं. "पाठीवर गर्दी, मध्ये तू. दोन्ही हात तुझ्यात अडकले, मग धाकटीला कुठे ठेवणार? वर टाकायचो."

धाकटी तोपर्यंत प्लायवुडच्या पायऱ्या चढून वर आली होती. शेवटचं वाक्य तिने ऐकलं.

"टाकायचो, बरोबर शब्द आहे," ती म्हणाली आणि पुढच्या पुठ्ठ्याच्या माणसाला सरकवून तिथे बसली. "माझे पाय धरायला कोणी नसायचं. मी बाबांच्या कानांना धरून बसायचे. पडले असते तर?"

"कान अजून दुखतात," बाबा म्हणाले. "पण वरून सगळी मॅच सांगायची ही मला. कोणाकडे बॉल, कोण पडला. निम्मं खोटं सांगायची."

"निम्मं नाही. पाव." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं तर मला खाली यायचं असायचं, ताई. तू आपली आरामात त्यांच्या कोटात. मी एकदा म्हटलंसुद्धा, आज ताईला वर घ्या. बाबा नाही म्हणाले."

"ताई चेंगरली असती," बाबा म्हणाले.

"तेच. ताई चेंगरली असती. मी पडले असते तर चाललं असतं." हे ती हसत म्हणाली, पण तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. आरशात मी तो तेवीस दिवस बघत होते.

मला तिथे गहिवरून वगैरे आलं नाही. आधी राग आला, बाबांचा. चाळीस वर्षं हा माणूस गप्प बसला आणि मी एका गुंडीवर आयुष्य काढलं. मग धाकटीचा आला, कारण हेवा ही माझी एकटीची चीज होती आणि त्यातही ती वाटेकरी निघाली. आणि मग खणातली चिठ्ठी आठवली आणि दोन्ही राग बसले.

दुपारी ऑफिसात आले. खण उघडला. एकशे बारानंतर माझ्या पुस्तकातून एकोणीस चिठ्ठ्या फाडून झाल्या होत्या. मी एकशे बत्तीस फाडली, तोच मजकूर स्वच्छ अक्षरात लिहिला आणि तारीख घातली सव्वीस. कोणाला काही कळलं नसतं. चूक आज सापडली, आज दिली. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून मी पाच मिनिटं बघत बसले. नवीवरचं अक्षर फारच चांगलं आलं होतं. एवढं चांगलं अक्षर मी फक्त खोटं लिहिताना काढते, हे धाकटीला शाळेपासून माहीत आहे. मी ती फाडून टोपलीत टाकली आणि जुनी घेऊन उठले.

ती नऊ नंबरच्या पाटीखाली बसून काही तरी खात होती. मी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली, खाणं बाजूला सारलं आणि पट्टी मागितली. मी दिली. तिने नकाशावर तीच रेघ ओढली, जी मी ओढली होती. तिचा हात सरसर चालतो, आणि चालता चालता तो थांबलेला मी पाहिला.

"पूल," ती म्हणाली.

"पूल."

"छताच्या वर न्यायला लागेल." तिने कडेवर पट्टी ठेवली. "कडा जाड दिसेल. आता जी पेन्सिलची रेघ दिसते ना, ती राहणार नाही."

"नाही राहणार," मी म्हटलं. मला बरं वाटलं. तेवढं वाटलंच.

"अजून तीन दिवस आहेत. होईल." ती लगेच कामाला लागली असती, पण सही करायला म्हणून तिने चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली आणि तेव्हा तिला तारीख दिसली. तिने टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पुन्हा चिठ्ठीकडे.

"तेवीस दिवस," ती म्हणाली.

"हो."

मी वाट बघत होते. ओरडेल, रडेल, साहेबांकडे जाईल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, त्यातली दोन तर चांगलीच बोचरी होती. तिने पेनाचं टोपण काढलं आणि खालच्या चौकटीत, चिठ्ठी मिळाल्याच्या तारखेपुढे, लिहिलं, चार. सही केली.

"माझ्या टेबलावर पडून होती," ती म्हणाली. "माझ्या पसाऱ्यात काय वाट्टेल ते हरवतं, सगळ्यांना माहीत आहे. साहेब मला बोलतील आणि विसरतील. तुला नाही विसरणार ते. तू चोख आहेस."

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. तेवीस दिवसांचं ओझं घेतलं आणि वर चढून बसली. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता. छताचा वाटला नव्हता, फोटोचा नाही, खांद्याचासुद्धा नाही. ही माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि तिला त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, हे मला बघवेना.

मी चिठ्ठी ओढून घेतली. चारवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, सव्वीस. सही केली.

"ताई, कशाला?"

"तू उतर खाली," मी म्हटलं. "हे माझं आहे."

आणि ती उठायच्या आत मी साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खोडलेला चार त्यांना दिसला, आणि तो कोणाच्या अक्षरात आहे तेही दिसलं. दुसऱ्या दिवशी मला स्टेडियमच्या कामावरून काढून बसडेपोच्या शेडवर टाकलं. प्रवेशद्वारापाशी जी नावांची फरशी आहे, तिच्यावर छताच्या पुढे धाकटीचं नाव आहे. पायऱ्यांच्या पुढे ऑफिसचं. पूल छताच्या वर गेला. कडा थोडी जाड झाली आणि एका समीक्षकाने लिहिलं की छताला आता जरा वजन आलंय, ते चांगलं वाटतं. तिचं नशीबच तसं.

उद्घाटनाला धाकटीने दोन पास पाठवले, खाली मैदानालगत, मानाच्या खुर्च्यांचे. बाबा म्हणाले, "खाली नको. वर जाऊ. तुझ्या पायऱ्या कशा झाल्यात बघतो." लिफ्टने वर गेलो आणि अठ्ठावन्नाव्या रांगेत बसलो, अगदी शेवटच्या. माझ्या पुढे एक टोपीवाला उंच माणूस आला तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या टोपीचं माप घेतलं. मग तो बसला. त्याच्या टोपीवरून मला सीमारेषा दिसत होती.

खाली मैदानात गालिचा अंथरला होता आणि त्यावर पाहुणे उभे होते. भाषणं चालली होती. बाबांनी मान पुढे काढली, भिंग वर-खाली केलं आणि शेवटी मागे टेकून बसले. एवढ्या लांबचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. नऊ सेंटिमीटर काय नि नव्वद काय.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. कोण बोलतंय, कोण जांभई देतंय, गोलरक्षक कसा कोपऱ्यात उड्या मारतोय. ते डोळे मिटून ऐकत होते. हात कधी माझ्या हातावर आला, मला कळलं नाही.

"धाकटी दिसते का?"

दिसत होती. निळ्या कपड्यांत, सगळ्यांच्या कडेला, नखाएवढी. मान मागे टाकून ती छताच्या कडेकडे बघत होती, जाड झालेल्या, आणि दुसरीकडे कुठेही नाही.

"दिसते," मी म्हटलं. "आपल्याकडेच बघतेय. हात करतेय."

बाबांनी हात वर केला आणि हलवला. मग मीही केला.